संगणकाचा विषमज्वर
अधूनमधून उद्भवणाऱ्या यंत्रदोषांच्या निदानाविषयी काही अनुभव

"अहो डॉक्टर, तुमच्या आजच्या अहवालात क्रिएटिनिन १.३ आहे आणि शेजारी मागील मूल्य म्हणून ३.२ छापले आहे. मी तर या गृहस्थांवर कोणताही विशेष उपचार केलेला नाही. नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?"

२०२३ सालच्या मे महिन्यात एका ज्येष्ठ फिजिशियन मित्राचा हा दूरध्वनी आला. इंदूरमध्ये माझी लहानशी पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहे. रुग्णाकडे फेब्रुवारीतील छापील अहवाल होता, तो मागवून पाहिला. त्यात स्वच्छपणे १.२ असे छापलेले होते. मग ३.२ आले कोठून? आमच्याकडे आकडे हाताने टंकित होत नाहीत. तपासणी यंत्राकडून ते केबलद्वारे थेट संगणकात उतरतात. फेब्रुवारीत १.२ म्हणून नोंदला गेलेला आकडा संगणकाच्या पोटात असताना, कोणाचाही हात न लागता, ३.२ झाला होता.

त्याच सुमारास हा संगणक आणखी एका व्याधीने त्रस्त होता. मधूनच तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई, तर कधी पडदा निळा करून थांबे. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल असे मला प्रारंभी मुळीच वाटले नाही. तो संबंध कसा उलगडला, हे आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे असे वाटते. आज प्रत्येक दवाखान्यात रात्रंदिवस चालणारा एखादा जुना संगणक असतोच, आणि त्याच्या स्मृतीवर आपण स्वतःच्या स्मृतीहून अधिक विश्वास ठेवतो.

आमचा संगणक २०१२ साली घेतलेला. तो बदलावा हे दिसत होतेच. पण तपासणी यंत्राशी बोलणारी त्याची आज्ञावली जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टवर व विंडोज ७ वर चालणारी होती. त्या प्रणालीचे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले असल्याने आम्ही तो इंटरनेटपासून तोडून ठेवला होता. वृद्ध रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी आपण जशी चालढकल करतो, तशीच ती चालढकल होती.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पाच प्रकार दिले आहेत. ताप चढतो, उतरतो, रुग्ण ठणठणीत दिसतो, पुन्हा ठरल्या दिवशी ताप येतो. वैद्य येतो तेव्हा रुग्णाचे अंग गार असते. संगणक दुरुस्त करणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते. आमच्याकडे आलेल्या मुलाने तासभर यंत्र चालवून पाहिले आणि तो म्हणाला, "डॉक्टर साहब, ये तो एकदम बढ़िया चल रहा है." तो खोटे बोलत नव्हता. तो तासभर यंत्र खरोखरच उत्तम चालले.

कायमचा बिघाड त्या मानाने सोपा असतो. जे बंद पडले ते बंदच असते. एकेक भाग बदलत गेले की दोषी भाग सापडतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात मात्र भाग बदलल्यानंतर यंत्र चालले याचा अर्थ तो भाग दोषी होता असा होत नाही. भाग बदलला नसता तरीही ते कदाचित चाललेच असते. आमच्या तंत्रज्ञाने मेच्या प्रारंभी रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोके खोडरबराने घासली व पुन्हा बसविल्या. त्यानंतर सहा दिवस यंत्र बिनतक्रार चालले. सातव्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याने हार्ड डिस्क बदलण्याचा सल्ला दिला आणि मी जवळजवळ होकार दिला होता.

(खोडरबराबद्दल जाता जाता. टोकांवरील सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो व रबराने तो झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल व स्वच्छ, धागे न सोडणारे कापड अधिक बरे. आपल्या कपाटातील सर्जिकल स्पिरिट मात्र वापरू नये. त्यात पाणी असते.)

सुदैवाने आमच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ताईंनी १० एप्रिलपासून एक वही ठेवली होती. कारण शास्त्रीय नव्हते. संगणक बंद पडला की अहवालाला उशीर होई आणि बोलणी त्यांना खावी लागत. तेव्हा दोष आपला नाही याचा पुरावा म्हणून त्या तारीख, वेळ, काय झाले आणि त्या वेळी काय चालले होते हे लिहीत. मित्राच्या दूरध्वनीनंतर जूनमध्ये मी ती वही प्रथमच नीट वाचली. रुग्णाची पूर्वपीठिका न घेता थेट तपासण्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर आपण टीका करतो. मी दोन महिने नेमके तेच करीत होतो.

१० एप्रिल ते ११ जून या ६३ दिवसांत एकूण १७ घटना होत्या. पण त्या एका प्रकारच्या नव्हत्या. ११ वेळा यंत्र कोणतीही पूर्वसूचना न देता, दिवा मालवावा तसे बंद होऊन पुन्हा सुरू झाले होते. ६ वेळा निळा पडदा आला होता. पहिल्या गटातील ८ घटना सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यानच्या, आणि मेपासून ताईंनी शेऱ्यात "पंप चालू" असे लिहिलेले. इमारतीचा पाण्याचा पंप तेव्हाच सुरू होतो. दुसऱ्या गटातील ४ घटना रविवारी दुपारी तीननंतरच्या आणि उरलेल्या २ इतर दिवशी दुपारच्या सुटीतील. सकाळी निळा पडदा एकदाही नाही.

संगणकही स्वतःची नोंद ठेवतो. विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर हा त्याचा केसपेपरच होय. पहिल्या गटातील प्रत्येक वेळी तेथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद होती व सोबतचा दोषक्रमांक शून्य होता. म्हणजे प्रणालीला काही लिहून ठेवण्याइतकाही अवधी मिळाला नव्हता. असे चित्र बहुधा वीज तुटल्याचे, क्वचित यंत्र पूर्ण गोठल्याचे असते. दुसऱ्या गटात दोषक्रमांक होते, पण दरवेळी निराळे. एकच आज्ञावली चुकत असेल तर सहसा एकच क्रमांक पुन्हा पुन्हा येतो. दरवेळी नवे नाव घेऊन येणारा दोष स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, संशय उत्पन्न करतो. हार्ड डिस्कची स्मार्ट नोंदही पाहिली. त्यात बदललेल्या व प्रलंबित सेक्टरांची संख्या, म्हणजे क्रमांक ५ व १९७, दोन्ही शून्य होती. डिस्क निर्दोष होती आणि ती बदलली असती तर खर्च होऊनही ताप कायम राहिला असता.

सर्व लक्षणांना एकच कारण शोधावे, ही शिकवण आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. तिच्या उलट बाजूला हिकम यांच्या नावावर सांगितले जाणारे वचन आहे : रुग्णाला वाटेल तितके आजार एकाच वेळी असू शकतात. अकरा वर्षांचा संगणक हा वृद्ध रुग्ण होय. येथे दोन आजार होते आणि दोहोंची नोंद एकाच सदरात केल्यामुळे कोणाचाच आलेख स्पष्ट दिसत नव्हता.

प्रथम विजेचा आजार घेऊ. पंपाची मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते व क्षणभर व्होल्टेज खाली येते. आमचा यूपीएस ते जाणून बॅटरीवर जातो. या अदलाबदलीत साधारण ४ ते १० मिलिसेकंद खंड पडतो. एवढा खंड संगणकाच्या एसएमपीएसने, म्हणजे वीजपुरवठा पेटीने, पोटातील साठ्यावर निभावून न्यावा अशी तिची रचनाच असते. त्या काळच्या मानकाप्रमाणे पूर्ण भारावरही सुमारे १६-१७ मिलिसेकंद. हा साठा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये असतो. त्याच्या आत द्रवरूप इलेक्ट्रोलाइट असते आणि ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हळूहळू सुकत जाते.

किती हळूहळू, याचा ढोबळ हिशेब करता येतो. कपॅसिटरवर '१०५ अंशांना २००० तास' असे आयुष्य लिहिलेले असते. तापमान दर १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. ६५ अंशांवर ते ३२,००० तास, ५५ वर ६४,००० तास. आमचा संगणक अकरा वर्षे अखंड चालला, म्हणजे सुमारे ९६,००० तास. कपॅसिटर थकला नसता तरच नवल. १९९९ ते २००७ च्या दरम्यानच्या अनेक मदरबोर्डांवर तर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसविले गेले होते व ते अकाली फुगून फुटत. तेव्हाचे संगणक वापरलेल्या वाचकांना फुगीर माथ्याची व तपकिरी डागाची ती नळकांडी आठवत असतील. आमच्या मदरबोर्डवर तसे काही दिसले नाही. एसएमपीएसच्या आत पाहिले नाही, आणि वाचकांनीही पाहू नये. त्यातील मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात व प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

म्हणजे यूपीएस चांगला होता, एसएमपीएसही रोजच्या कामास पुरेसा होता. पण दोघांच्या मर्यादा जवळ येऊन ठेपल्या होत्या आणि काही सकाळी त्या एकमेकींना छेदत. मल्टिमीटर लावून १२ व्होल्टची तार मोजली तेव्हा ११.९ आले. ११.४ ते १२.६ हे ग्राह्य असते, तेव्हा रिपोर्ट 'नॉर्मल'. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो, काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही. झटक्यांनी येणाऱ्या अऱ्हिद्मियात साधा ईसीजी निर्दोष यावा, तसेच हे. आपण अशा वेळी रुग्णाला होल्टर लावतो किंवा श्रम करवून लक्षण निर्माण करतो. मी दुसरा मार्ग धरला.

संगणक बायोसच्या पडद्यावर नेऊन ठेवला. तेथे विंडोज चालू नसते व डिस्कवर काही लिहिले जात नाही, म्हणून अचानक वीज गेली तरी नोंदींना इजा होत नाही. मग भिंतीतील यूपीएसचा प्लग दहा वेळा काढला. तीन वेळा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. १२ जूनला नवा एसएमपीएस बसवून हीच चाचणी केली : दहापैकी एकदाही नाही. दुरुस्त करणारा मुलगा खूश झाला. मी त्याला आणखी वीस वेळा प्लग काढायला लावला.

या वीस वेळांमागे एक जुना लेख आहे. १९८३ साली 'जामा'मध्ये हॅन्ली आणि लिपमन-हँड यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : काहीच विपरीत घडले नाही, म्हणजे सर्व ठीक आहे का? त्यांचे उत्तर 'तीनचा नियम' या नावाने ओळखले जाते. क्ष प्रयत्नांत एकही अपाय दिसला नाही, तर खरा धोका जास्तीत जास्त तीन भागिले क्ष इतका असू शकतो, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. दहात शून्य म्हणजे धोका ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि आमचा मूळ दोष तेवढाच तर होता! तिसात शून्य आले तेव्हा ती मर्यादा १० टक्क्यांवर आली.

हाच नियम दिवसांनाही लागू पडतो, आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडात माझ्या मते त्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. घटना सरासरी जितक्या दिवसांनी येते त्याच्या तिप्पट दिवस ती आली नाही, तरच ९५ टक्के खात्रीने ती गेली असे म्हणावे. सरासरीइतकेच दिवस शांततेत गेले, तर काहीही दुरुस्ती न करताही तसे घडण्याची शक्यता ३७ टक्के असते. दुप्पट दिवसांत साडेतेरा. तिप्पट दिवसांत पाच. आमच्या १७ घटना ६३ दिवसांत, म्हणजे सरासरी ३.७ दिवसांनी एक. खोडरबरानंतरचे ते सहा शांत दिवस केवळ योगायोगाने लाभण्याची शक्यता जवळजवळ वीस टक्के होती. पाचातून एकदा असे फुकटचे श्रेय मिळतेच. रीस्टार्टच्या ११ घटनांची सरासरी ५.७ दिवस होती, म्हणून नव्या एसएमपीएससाठी मी १८ दिवस ठरवले. ते ३० जूनला पूर्ण झाले. तोवर रोज सकाळी पंप सुरू होत होता आणि संगणक हलला नाही.

आता दुसरा, अधिक गंभीर आजार. रविवारी दुपारी तीनला काय होत असे? प्रयोगशाळा एकला बंद होई, जाणारा शेवटचा माणूस एअर कंडिशनर बंद करी आणि तीन वाजता आज्ञावली आपोआप सर्व नोंदी एकेक करून वाची, त्या आवळून नव्याने लिही व त्यांची प्रत बाहेरील डिस्कवर ठेवी. इंदूरच्या मेमधील बंद खोली, पंख्यावर धूळ आणि आठवड्यातील सर्वांत मोठे काम, तेही एकांतात. दहा वर्षांची प्रत्येक नोंद दर रविवारी रॅममधून एकदा जाऊन येत होती.

रॅममधील प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युत्भार असतो. तो गळत राहतो म्हणून त्याला साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत ताजे करावे लागते. एखादी पेशी मुळातच अशक्त असेल तर थंडीत तिचा भार तेवढा वेळ टिकतो; उष्णतेत गळती वाढली की टिकत नाही. १९७८ साली इंटेलमधील टिमोथी मे व मरे वुड्स यांनी चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणाऱ्या अल्फा कणांनीही बिट उलटू शकतो असे दाखवले. असे उलटणे पुन्हा त्याच जागी होत नाही. उलट, पेशीचाच दोष असेल तर चूक त्याच पत्त्यावर, त्याच बिटावर परत येते. गूगलच्या संगणकांवरील २००९ सालच्या प्रसिद्ध पाहणीत श्रोडर, पिन्हेरो व वेबर यांना वर्षभरात रॅमच्या ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्यांत पेशीदोषांचेच प्राबल्य होते. त्याच पाहणीत तापमानाचा परिणाम अपेक्षेहून बराच कमी दिसला हेही सांगितले पाहिजे. पण ती पाहणी सुव्यवस्थित दालनांतील होती. माझ्यापुढे एक विशिष्ट रुग्ण होता व त्याची वही दुपारकडे बोट दाखवत होती.

मेमटेस्ट ही रॅम तपासणारी आज्ञावली मी प्रथम शनिवारी रात्रभर, एअर कंडिशनर चालू ठेवून चालवली. सकाळी एकही चूक नव्हती. येथेच थांबलो असतो तर रॅमला निर्दोष ठरवून मोकळा झालो असतो. १८ जूनच्या रविवारी दुपारी, तीच साप्ताहिक क्रिया बंद ठेवून, एअर कंडिशनर न लावता तीच चाचणी पुन्हा लावली. खोली ३८ अंशांवर गेली. तिसऱ्या फेरीत लाल ओळ उमटली. चौथ्या फेरीत पुन्हा, त्याच पत्त्यावर आणि त्याच बिटावर. शून्य असावयास हवे तेथे एक.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे, हा या शास्त्रातील पहिला नियम. एसएमपीएसचे १८ दिवस तेव्हा पुरे झाले नव्हते. तरीही मी तो नियम मोडला व दोन पट्ट्यांपैकी दोषी पट्टी तत्क्षणी काढली. कारण रुग्णांच्या नोंदी आणखी एक रविवार त्या पट्टीतून जाऊ देणे हे शास्त्रशुद्ध असले तरी योग्य नव्हते. दोन आजारांची लक्षणे निरनिराळी असल्यामुळे त्यांचे हिशेब वेगळे ठेवता आले, एवढेच.

निळ्या पडद्याची सरासरी साडेदहा दिवस होती, म्हणजे ३२ दिवस थांबणे आले. पण जूनअखेर पाऊस आला, हवा गार झाली आणि माझा हिशेब निरर्थक ठरला. तीनचा नियम परिस्थिती तीच राहिली असे गृहीत धरतो. पावसाळ्यात उन्हाळ्याचा ताप आला नाही याचे श्रेय औषधाला देता येत नाही. म्हणून जुलैतील एका रविवारी घरातला हिवाळ्याचा ब्लोअर नेऊन खोली पुन्हा ३८ अंशांपर्यंत तापवली. (सौभाग्यवतींनी या प्रयोगाबद्दल व्यक्त केलेले मत येथे देत नाही.) नव्या पट्टीने सहा तासांत एकही चूक केली नाही. त्याच खोलीत जुनी पट्टी एका निकोप संगणकात बसवली; तेथेही तोच बिट चुकला. कॉखच्या कसोट्यांपैकी हीच कसोटी अशा निदानात हमखास विसरली जाते : वेगळा काढलेला जंतू निरोगी प्राण्यात सोडून तोच रोग होतो का हे पाहणे. दोषी ठरवलेला भाग तंत्रज्ञ पिशवीत घालून घेऊन जातो आणि तो खरोखरच दोषी होता का, हे कधीच कळत नाही.

आता राहिले ते ३.२. संगणकात अंक हे अक्षरांप्रमाणे साठवले असतील तर '१'चा संकेत ००११०००१ व '३'चा ००११००११ असतो. दोहोंत फरक केवळ एका बिटाचा. मेमटेस्टने दाखवलेला दोषही शून्याचा एक करणारा होता. हा निव्वळ योगायोगही असू शकला असता, म्हणून पडताळणीचा एक मार्ग शोधला. २ एप्रिलची, म्हणजे उन्हाळा तापण्यापूर्वीची, प्रत माझ्याकडे होती. तीत असलेल्या नोंदी जुन्या, छापून दिलेल्या. त्या नंतर कोणी बदलण्याचे कारणच नव्हते. ती प्रत व जूनमधील नोंदी दुसऱ्या निकोप संगणकावर ताडून पाहिल्या. पाच ठिकाणी फरक निघाला. दोन पत्त्यांत, एक रोमन लिपीतील आडनावात 'ए'चा 'सी' झालेला, एक हा क्रिएटिनिनचा आणि एक हिमोग्लोबिनचा : ११.४ चे १३.४. पाचही ठिकाणी बदललेला बिट तोच, आणि दिशाही तीच. त्या नऊ रविवारच्या बाहेरील प्रती उघडून पाहिल्या तर दोन उघडल्याच नाहीत. ज्या प्रतींच्या भरवशावर आपण निश्चिंत असतो त्या आजारी यंत्रानेच काढलेल्या असतात, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. यंत्र संशयास्पद झाले की प्रथम प्रत घ्यावी असे सगळेच सांगतात. ती दुसऱ्या संगणकावर उघडून, मूळाशी ताडून पाहावी हे फारसे कोणी सांगत नाही. ती ताडल्याखेरीज जुनी चांगली प्रत पुसू तर मुळीच नये.

एप्रिल ते जूनमधील नवे अहवाल तपासणी यंत्राच्या दैनिक छापील पट्ट्यांशी ताडण्यात आम्हा दोघांच्या तीन संध्याकाळी गेल्या. रुग्णांना दिलेल्या निकालांत चूक निघाली नाही. चूक निघाली ती 'मागील मूल्य' या सदरात.

मार्च २०२४ मध्ये आम्ही नवा संगणक घेतला. त्यात ईसीसी प्रकारची रॅम आहे. दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून ती एक बिट उलटल्यास स्वतः दुरुस्त करते आणि दोन उलटल्यास निदान सांगते तरी. साध्या संगणकात ही सोय बहुधा नसते व विक्रेता आपणहून तिचे नाव काढत नाही. प्रयोगशाळेसाठी यंत्र घेणाऱ्यांनी ते विचारून घ्यावे. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, यूपीएसची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी, घड्याळ मागे पडू लागले की मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलावी, या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. वही मात्र कोणी ठेवत नाही.

पाच नोंदी दुरुस्त करून मी संबंधित डॉक्टरांना कळवले. फिजिशियन मित्राने हसून विषय संपवला. हिमोग्लोबिनची नोंद एका गर्भवती भगिनीची होती. मेमध्ये तिचे हिमोग्लोबिन ११.२ आले होते व शेजारी मागील १३.४ छापले गेले होते. दोन ग्रॅमची ही घट पाहून तिच्या डॉक्टर ताईंनी रक्तस्रावाच्या शंकेने तिच्या तपासण्या करवल्या होत्या, आणि त्या आमच्याकडेच झाल्या होत्या. त्या सर्व तपासण्यांचे पैसे मी तिच्या घरी जाऊन परत केले आणि दुरुस्त अहवालावर चूक कशी झाली हे हाताने लिहून दिले.